कुंपणाच्या आत आलेल्यांनो, बोला!

न्यू जर्सीतल्या मराठी बंधुभगिनींनो, आपण जिथे हौसेने घर घेतलं ती अमेरिकन उपनगरं आपोआप वसलेली नाहीत. तिथे कुणी राहायचं आणि कुणी नाही, हे सरकार, बँका आणि बिल्डर यांनी संगनमताने ठरवलं होतं.

1934 साली अमेरिकेत घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली आणि गोऱ्या कामगारालाही घर परवडू लागलं. पण वस्ती कृष्णवर्णीयांची किंवा मिश्र असली की हमी नाकारली जाई. सरकारी नकाशांत अशा वस्त्यांवर धोक्याचा लाल रंग फासलेला असे. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउन या उपनगराचे सुरुवातीचे करार वाचले तर अंगावर काटा येतो. गोऱ्यांखेरीज कुणालाही घर वापरू द्यायचं नाही, अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा! 1960 मध्येही तिथे कृष्णवर्णीय जवळपास नव्हतेच. महायुद्धात देशासाठी लढून आलेल्या कृष्णवर्णीयालाही तिथे थारा नव्हता. गावकुसाबाहेर माणसं ठेवणाऱ्या समाजातून आलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये 1957 च्या ऑगस्टात विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांना घेऊन राहायला आलं. रोज रात्री घरासमोर जमाव जमू लागला, खिडक्यांवर दगड पडले. मायर्स कुटुंब तरीही हललं नाही. शेजारचं एक ज्यू कुटुंब धमक्या सोसून त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. मला त्या शेजाऱ्यांबद्दल फार आदर वाटतो.

1968 च्या कायद्याने घर विकताना वर्ण पाहायला बंदी आली. भेदभाव मात्र नगररचनेच्या नियमांत जाऊन बसला: मोठे प्लॉट सक्तीचे, अपार्टमेंटला मनाई. आपल्याच न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी फक्त 36 परवडणारी घरं बांधू द्या म्हटलं. त्यांतली काही कुटुंबं कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत राहत होती. परवडत नसेल तर गाव सोडा, असं खुद्द महापौरांनी त्यांना चर्चमधल्या सभेत ऐकवलं. त्यांच्यातल्याच एथेल लॉरेन्स या बाई कोर्टात गेल्या आणि 1975 मध्ये जिंकल्या. म्हणून आज या राज्यातल्या प्रत्येक गावाला परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलावा लागतो.

यात आपला काय संबंध, असं कृपा करून म्हणू नका. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड हे भारतीय स्थलांतरित गोरे नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारलं होतं. आपल्यासाठी दार उघडलं ते 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या जिवावर आपण आत आलो. आता त्यांच्याच मुलाबाळांसाठी घरं बांधायची म्हटली की शाळांत गर्दी होईल, ट्रॅफिक वाढेल, घरांचे भाव पडतील, असं बोलणाऱ्यांत आपलीही माणसं दिसतात. लाज वाटायला हवी!

2025 ते 2035 या दशकासाठी गावागावांत परवडणाऱ्या घरांचे आराखडे ठरले आहेत. जागा मुक्रर होतात, हरकती घेतल्या जातात, आणि विरोध करणारे सभागृह भरून टाकतात. गणेशोत्सवाला हॉल भरून टाकणाऱ्या आपल्या मंडळांनी प्लॅनिंग बोर्डाच्या सभेलाही तसंच जायला हवं. आपल्या गावच्या पुढच्या सभेची तारीख आजच पाहा. शेजाऱ्याला बरोबर घ्या, माइकसमोर उभे राहा, नाव-पत्ता सांगा आणि ठणकावून म्हणा: ही घरं आमच्या गल्लीत बांधा.