आखाड्यातील स्त्री

कुस्ती हा महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे. गावाच्या जत्रेत हलगी कडाडू लागली, की म्हाताऱ्या माणसांचेही पाय मैदानाकडे वळतात. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले ते १९१२ साली. तेव्हापासून तेथील लाल माती कपाळाला लावणाऱ्या मल्लांच्या पिढ्यामागून पिढ्या झाल्या. परंतु ह्या वैभवाला एक बाजू अशीही आहे, की जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. फडाभोवतीच्या गर्दीत अर्धा समाज नसे, आणि फडात तर तो मुळीच नसे. आखाडा हे मारुतीचे स्थान, तेथे स्त्रीची सावलीही पडू नये, असा समज होता. गंमत अशी, की हाच समाज महिषासुराला लोळविणाऱ्या देवीपुढे नवरात्रात नऊ दिवस दिवा लावीत होता, आणि अर्जुनाशी युद्ध मांडणाऱ्या प्रमिलेची कथा मोठ्या आवडीने ऐकत होता. पराक्रमी स्त्री पोथीत चालत असे. मातीत चालत नसे.

ही रीत मोडणारी एक स्त्री स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत गाजत होती. तिचे नाव हमीदा बानू. त्या मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. अलिगढ येथे सलाम पहिलवान ह्यांच्या हाताखाली त्यांनी कुस्तीचे शिक्षण घेतले. पाच फूट तीन इंच उंची आणि एकशे आठ किलो वजन अशी त्यांची देहयष्टी होती. त्यांच्या आहाराची वर्णने त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी मोठ्या चवीने छापली आहेत. दिवसाकाठी पाच-सहा लिटर दूध, किलोभर मटण, किलोभर बदाम, सहा अंडी अशी ती यादी पुष्कळ लांबते. पुरुष मल्लाच्या खुराकाचे कौतुक होते. हमीदा बानूंच्या खुराकाचा मात्र तमाशा झाला, हे त्या बातम्या वाचताना ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

त्यांच्याशी लढण्यास त्या काळी स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. तेव्हा त्या पुरुषांशी लढत. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिले, की जो कोणी आपल्याला कुस्तीत हरवील, त्याच्याशी आपण लग्न करू. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, अशा दोन मल्लांना त्यांनी चीत केले. मे महिन्यात बडोद्यास छोटे गामा ह्यांच्याशी त्यांची लढत ठरली होती. परंतु आयत्या वेळी ते मागे हटले. मग बाबा पहिलवान पुढे आले, आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत त्यांची पाठ मातीला लागली. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिन ह्यांना तर त्यांनी एक मिनिटाच्या आत पराभूत केले.

लग्नाच्या त्या पैजेवर आजही लोक हसतात. परंतु हसण्याआधी थोडा विचार करावा. एखाद्या मल्लाला आपली विद्या दाखविण्यासाठी स्वतःचे उभे आयुष्य पणाला लावावे लागते, ह्यात विनोद कोणाचा? पैज नसती तर किती जणांनी तिकिटे काढली असती, आणि किती मल्ल समोर उभे राहिले असते? ज्या विद्येला रीतसर स्पर्धा नाही, वजनाचे गट नाहीत, सरकारी पंच नाही, त्या विद्येला पोटासाठी जाहिरातीचा झगा घालावा लागतो. दोष विद्येचा नसतो.

कोल्हापुरात तर ह्याहून कठीण प्रसंग ओढवला. तेथे एका पंजाबी मल्लाला हमीदा बानूंनी हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली आणि दगडफेक केली. गर्दीला आवर घालण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. पुण्यातील एक लढत कुस्ती संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. ह्याच दशकाच्या आरंभी, १९५२ साली, कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन परतले होते, आणि त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवले होते. कुस्तीवर जीव टाकणारी हीच भूमी, आणि हेच दशक! एका मल्लाच्या वाट्याला बैलगाड्या आल्या, आणि दुसऱ्या मल्लाच्या वाट्याला दगड.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हमीदा बानूंनी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई ह्यांच्याकडे आपल्या लढतींवरील बंदीविषयी तक्रार केली, तेव्हा त्यांना असे उत्तर मिळाले, की बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नव्हे. लढती भरविणारे लोक नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून आहे. ह्या तक्रारींत तथ्य असेलही. पैसे मिळविण्यासाठी भरविलेल्या कुस्त्यांत लबाडी शिरते, आणि ती पुरुषांच्या कुस्त्यांतही शिरत आली आहे. परंतु पुरुषांच्या मैदानात लबाडी आढळली, तर आपण लबाडाला बाहेर काढतो. सगळ्या पुरुषांची कुस्ती बंद करीत नाही. हमीदा बानू खऱ्या किती आणि जाहिरातीतल्या किती, हे ठरविण्याचा उपाय एकच होता. त्यांना खरा प्रतिस्पर्धी आणि निःपक्षपाती पंच द्यावयाचा. तेवढे मात्र कोणी केले नाही.

युरोपात जाऊन लढण्याचा बेत त्यांनी जाहीर केला होता. तो पार पडला नाही. घरातूनच त्याला विरोध झाला आणि मारहाणीत त्यांचे हात मोडले, असे त्यांच्या नातवाने पुढे सांगितले. त्यानंतर त्या कल्याण येथे राहिल्या. त्यांनी दूध विकले, घरे भाड्याने दिली. पैशाची अडचण पडे तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. १९८६ साली त्या वारल्या. वीस हजार लोक जिची कुस्ती पाहण्यास मुंबईत लोटले होते, ती स्त्री हीच, हे तिच्याकडून खाऊ विकत घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

ह्याच्या उलट जपानकडे पाहावे. तेथे मियू यामामोटो नावाची मुलगी १९७४ साली जन्मली. तिचे वडील १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये लढलेले मल्ल होते. त्यांनी मुलाबरोबर मुलींनाही कुस्ती शिकविली. स्त्रियांची जागतिक कुस्तीस्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली होती. १९९१ साली, ऐन सतराव्या वर्षी, मियू तीत अजिंक्य ठरली, आणि पुढे १९९४ व १९९५ मध्येही तिने तो मान मिळविला. परंतु ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीला प्रवेश मिळाला तो २००४ साली. तोपर्यंत तिच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती. घरी बसून जुनी पदके पुसण्याऐवजी तिने २०१६ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मिश्र युद्धकलेच्या रिंगणात पाऊल ठेवले. पहिल्याच लढतीत ती हरली. तरीही ती सात वर्षे लढत राहिली, आणि २०२३ च्या शेवटच्या दिवशी निवृत्त झाली.

मिश्र युद्धकलेत ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव ही सर्व चालतात. कुस्तीगिराला तेथे समोरच्याला खाली आणणे सोपे जाते. परंतु खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की निकाल लागतो, म्हणून मल्ल खाली पडताच पालथा होतो. लहानपणापासूनची ही सवय मिश्र युद्धकलेत घातक ठरते, कारण पालथ्या मल्लाच्या पाठीवर बसून प्रतिस्पर्धी त्याच्या गळ्याला विळखा घालू शकतो. सांधा उलटा पिळणे कुस्तीत निषिद्ध, तर येथे ते जिंकण्याचे साधन. म्हणजे हा खेळ शिकणाऱ्या मल्लाला नवे डाव शिकावे लागतात, आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे जुनी सवय विसरावी लागते.

भारतात हा मार्ग हरयाणाच्या ऋतू फोगाट ह्यांनी धरला. २०१७ साली तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले होते. २०१९ मध्ये त्या सिंगापूरला गेल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बीजिंगमध्ये आपली पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकल्या. २०२१ च्या डिसेंबरात मात्र एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीने त्यांचा हात असा अडकविला, की त्यांना हार मानावी लागली. त्यांनी कुस्ती सोडली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. देशाचे पदक सोडून पैशाच्या मागे लागल्या, असा तो सूर होता.

हा आक्षेप न्याय्य नाही. पदकाने घर चालत नाही, हे खुद्द खाशाबांनाही भोगावे लागले होते. ऑलिंपिकचे पदक आणल्यावर पोलिसांत फौजदाराची जागा मिळेपर्यंत तीन वर्षे गेली. मल्लाचे आयुष्य तिशीच्या आसपास संपते, पण माणसाचे संपत नाही. मिश्र युद्धकला दांडगी आहे, तीत दुखापती होतात, आणि लहान मुलांनी अंगणात तिचे अनुकरण करू नये, हे खरेच. तथापि जाणत्या वयाच्या, शिकून तयार झालेल्या स्त्रीने ती करावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. ‘मुलीने हे करू नये’ असे म्हणणाऱ्याने ‘मुलाने खुशाल करावे’ असेही त्याच श्वासात म्हटले, तर त्याची काळजी मुलीच्या हाडांची नसून स्वतःच्या समजुतींची आहे, असेच म्हणावे लागते.

आता काळ पालटला आहे, पण किती धीमेपणाने! २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक ह्यांनी भारतीय स्त्रियांच्या कुस्तीला पहिले पदक मिळवून दिले. महाराष्ट्र केसरीचा किताब पुरुषांसाठी १९६१ साली सुरू झाला. स्त्रियांसाठी तो सुरू होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. म्हणजे मधे बासष्ट वर्षे गेली. सांगलीत झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी ह्यांनी मानाची गदा पटकावली. त्या दिवशी मैदानातून दगड आले नाहीत, शिट्ट्या आणि टाळ्या आल्या.

भाईंदरच्या पूर्वेला इंद्रलोक नावाची मोठी वसाहत आहे. नाव देवांच्या राजाच्या लोकाचे असले, तरी तेथील मुलामुलींना खेळाची जागा स्वर्गातून मिळत नाही. उंच इमारतींच्या मधून ती शोधावी लागते. तेथील एखाद्या बारा वर्षांच्या मुलीने उद्या घरी सांगितले, की आपल्याला कुस्ती शिकावयाची आहे, तर आईवडिलांनी पहिला प्रश्न कोणता विचारावा? ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न हमीदा बानूंच्या काळात विचारून झाला आहे. ‘तालीम कोठे आहे, आणि शिकविणारा कोण आहे?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. प्रतीक्षा बागडी ह्यांच्याशी अंतिम लढत देणाऱ्या, आणि पुढे २०२५ च्या झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेसाठी पासष्ट किलो गटात भारतीय संघात निवडल्या गेलेल्या वैष्णवी पाटील ह्या त्याच ठाणे जिल्ह्यातल्या, हमीदा बानू जेथे दूध विकीत होत्या, त्या कल्याणच्या आहेत.