पृथ्वीगोल कपाटाबाहेर काढा

मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे, तर न्यूयॉर्क ४१ अक्षांशावर. असे असूनही या दोन विमानतळांमधील सर्वांत जवळची वाट जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत वर चढते. हे कसे, ते भिंतीवरच्या सपाट नकाशावरून कधीच उमगत नाही. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, विमानतळांमधील अंतरे पाठ करून घेण्याऐवजी शाळांनी ती मुलांकडून पृथ्वीगोलावर मोजून घ्यावीत.

अंतर वाटेवर अवलंबून असते, हे मावळातील वडिवळ्याच्या मुलांना सांगावे लागत नाही. धरणाचा पलीकडचा काठ समोर दिसतो. पण पायी जायचे तर जलाशयाला वळसा पडतो. विमानाला असा अडथळा नाही. मग त्याची सरळ वाट कोणती?

एक दोरा घ्या. त्याचे एक टोक पृथ्वीगोलावरील मुंबईवर व दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो ताणा. तो आपोआप स्वीडन, नॉर्वे व आइसलँडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाईल. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. आता गोलाचा विषुववृत्तावरील घेर मोजा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तुमच्या गोलाचा घेर १०० सेंटिमीटर भरला, तर १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. दोरा ३१ सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरेल. म्हणजे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर सरळ दिसणाऱ्या रेषेने गेल्यास मात्र सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील!

आता वेळेचे पाहू. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. समजा, विमान मुंबईहून रात्री १ वाजता निघाले आणि प्रवासाला १५ तास लागले. ते तेथील पहाटे ५.३० वाजता उतरेल. घड्याळांतील नुसती वजाबाकी साडेचारच तास सांगते! परत येताना तर हाच फरक प्रवासात मिळवला जातो. म्हणून दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणा, मगच वजाबाकी करा.

शिवाय, अंतर तेच असूनही वेळ बदलते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी शंभर-दोनशे किलोमीटर वेगाने वारे वाहतात. ते जाताना विमानाला अडवतात आणि येताना पुढे ढकलतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. दोन शहरे होती तेथेच राहिली, प्रवासाचे तास मात्र वाढले.

तयार उत्तर हल्ली क्षणात मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे काही शिक्षक विचारतील. पण ते उत्तर कोणत्या वाटेचे, कोणत्या घड्याळाचे आणि कोणत्या वाऱ्याचे, हे ज्याला विचारता येत नाही, त्याला चुकीचे उत्तरही बरोबरच वाटते. दोरा, फूटपट्टी आणि पृथ्वीगोल एवढ्यावर वडिवळ्यातील विद्यार्थिनी ते उत्तर स्वतः तपासू शकते. गुरुजनहो, पुढच्या भूगोलाच्या तासाला कपाटाची किल्ली तेवढी घेऊन या.