उकळलेले पाणी बॅटरीला चालत नाही

संपादक महोदय,

इन्व्हर्टरच्या बॅटरीत विहिरीचे पाणी उकळून, गाळून घातले तरी चालते, असा सल्ला आपल्या एका पत्रलेखकाने दिला. तो कृपया कोणी मानू नये. उकळल्यावर पातेल्याच्या बुडाशी थोडा पांढरा थर बसतो खरा. पण क्लोराइड पाण्यातच राहते आणि शिशाच्या प्लेटा खाते. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. वाफ थंड करून मिळवलेले डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी भराभर आटते. म्हणून महिन्यातून एकदा पातळी पाहावी, बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंतच पाणी घालावे. ॲसिड मात्र कधीच घालू नये. चार पैसे वाचवायला जाऊन हजारोंची बॅटरी गमावणे आपल्या धान उत्पादक कुटुंबांना परवडणारे नाही.

– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)