बोर मारणे

पुण्यातला मुलगा ‘बोर मारू नकोस’ म्हणतो तेव्हा तो वैतागलेला असतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातला, भूम-परंड्याकडचा शेतकरी ‘औंदा बोर मारला’ म्हणतो तेव्हा त्याने बहुधा कर्ज काढलेले असते. शब्द तोच, क्रियापदही तेच. इंग्रजीत भोक पाडण्याच्या अर्थाचा ‘बोर’ फार जुना. कंटाळ्याचा अठराव्या शतकातला, आणि तो आला कोठून हे अद्याप ठरलेले नाही. बंदुकीच्या नळीचा बोर आहेच, शिवाय ‘सोसले’ या अर्थाचे भूतकाळी रूपही ‘बोर’च! मराठीत तर संक्रांतीच्या सुगडातले बोर या सर्वांच्या आधीपासून आहे.

परकीय शब्द हद्दपार करू पाहणारे या इंग्रजी बोरांना एकाच काठीने हाकतात. आम्हांस ते मान्य नाही. कंटाळ्याच्या ‘बोर’ने मराठीत नवे काही आणले नाही, रटाळ, नीरस, कंटाळवाणे हे शब्द असताना तो गेला तरी हळहळ नको. पाण्याच्या बोरची गोष्ट निराळी. सरकारी कागदावर त्यास ‘विंधन विहीर’ म्हणतात. शब्द सुबक आहे. पण लोकांनी तो तोंडी का घेतला नाही? विहिरीत डोकावता येते, पाणी किती हात खाली गेले ते दिसते. आड, बारव हे तिचे भाईबंद. सहा-साडेसहा इंची भोकात कोण डोकावणार? ही विहीर नव्हे हे लोकांनी ओळखले आणि पाहुण्या शब्दास घरात घेतले. मग त्याचा संसारही थाटला गेला: बोरला पाणी ‘लागते’, बोर ‘फेल जातो’, खोली फुटांत, पाणी इंचांत. काळ्या पाषाणात पाणी असते ते भेगांत. भेग चुकली की वर येतो तो नुसता फुफाटा. जागा दाखविणारा पाणाड्या मात्र जुनाच राहिला.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर व त्याहून खोल ‘विहिरीं’वर निर्बंध आहेत. ते आपल्या बोरविषयी आहेत, हे किती बोरवाल्यांना उमगत असेल?

उत्तरपत्रिकेत ‘आमचा बोर कोरडा गेला’ असे वाक्य आले तर ‘बोर’खाली तांबडी रेघ ओढू नये, अशी सहकाऱ्यांस विनंती आहे. ‘तास बोर झाला’ याखाली खुशाल ओढावी.