विंचू जेवत नाही म्हणे!

गेल्या बुधवारी मित्राचा फोन. कोंडेश्वरच्या वाटेवर दगडाखाली सापडलेली इंगळी (म्हणजे तो मोठा काळा विंचू) साहेबांनी डब्यात घालून घरी आणलीये. अजून पूर्ण वाढलेली नाही. "तीन आठवडे झाले, काही खात नाही रे. जाम नखरे आहेत तिचे." हापिसातल्या मंडळींनी सल्ले दिलेच होते: चिकनचा तुकडा दे, उकडलेलं अंडं दे, चिमट्याने झुरळ तोंडाशी धर. एकाने मध सुचवला. च्यायला, विंचू आहे की बाळंतीण?

मंडळी, विंचू चोखंदळ वगैरे काही नसतो. चोखंदळ हा शब्द दिवसातून तीनदा जेवणाऱ्यांचा. विंचवाच्या शरीराचा खर्चच इतका कमी की तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, काही जाती तर वर्षभर. आणि खायला बसला की स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं एका बैठकीत शोषून घेतो. शोषून, कारण तो चावून गिळत नाही. पाचक रस भक्ष्यावर सोडतो आणि झालेलं पातळ कालवण ओढून घेतो. तीन आठवडे म्हणजे त्याच्या हिशोबात दोन जेवणांमधली वामकुक्षी.

बरं, तुम्ही देता काय? निपचित पडलेला चिकनचा तुकडा. विंचवाला डोळे असून नसल्यासारखे. त्याला जग कळतं ते पायांतून आणि चिमट्यांवरच्या बारीक केसांतून. फिलिप ब्राउनेल यांनी १९७७ मध्ये वाळवंटातल्या विंचवांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले: वाळूतून येणाऱ्या थरथरीवरून विंचू भक्ष्याची दिशा ओळखतो. आणि आमच्या मित्राने डबा कुठे ठेवलाय? फ्रीजवर! चोवीस तास कॉम्प्रेसरची घरघर. त्यात कुळगावची थंडी (मुंबईकरांनी हसू नये, इथे पहाटे स्वेटर लागतो). गारठ्यात विंचू आणखीच मंदावतो. पोटात पिल्लं असतील तरी खात नाही. कात टाकायची वेळ जवळ आली असेल तर हमखास खात नाही.

या शेवटच्या कारणाबद्दल मला तावातावाने बोलायचा हक्क आहे, कारण एक विंचू मी स्वतः मारलाय. सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर जेसीबी फिरला, तेव्हा छोटी इंगळी जिन्याखाली आली होती. तिला वाचवायचं म्हणून घरी ठेवली. आठवडाभर खाईना. मला चैन पडेना. एका शुक्रवारी रात्री तीन धष्टपुष्ट रातकिडे डब्यात सोडले आणि झोपलो. 'भूक लागेल तेव्हा खाईल.' तिने त्या रात्री कात टाकली. कात टाकल्यावर विंचू काही काळ मऊ, फिकट आणि असहाय असतो. नांगीसुद्धा कामाची नसते. सकाळी डब्यात रिकामी कात होती, अर्धवट कुरतडलेली इंगळी होती, आणि तीन रातकिडे होते. तिघंही ठणठणीत.

तेव्हापासून 'बिचारं काही खात नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. लहान मुलांना चिऊकाऊचे घास कोंबत वाढवणारी जमात आपली. समोरचा जेवत नाही ही गोष्ट आपल्याला सहनच होत नाही. त्रास विंचवाला नसतो, आपल्याला असतो. डब्याभोवती घिरट्या घालण्यापेक्षा त्याचं पोट बघा: बाजूची कातडी ताणलेली असेल तर पोट भरलेलंय, खपाटीला गेलं असेल तर काळजी करा. उथळ झाकणात पाणी ठेवा. जिवंत किडा रात्री द्या, त्याच्याहून लहान, आणि सकाळपर्यंत शिल्लक राहिला तर काढून टाका. घरातलं झुरळ तर देऊच नका. परवाच पेस्ट कंट्रोल केलंत ना? नेटवरचे बरेचसे सल्ले आफ्रिकेतल्या एम्परर विंचवासाठी लिहिलेले असतात, ते जसेच्या तसे आपल्या इंगळीला लावू नका.

आणि विंचू लहान, तांबूस, बारीक चिमट्यांचा नि जाड नांगीचा असेल तर जेवणाची चर्चाच नको. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला ज्याचे रुग्ण वाचवण्यात उमेद घालवली, तो हाच. प्राझोसिनचा उपचार रुळण्याआधी कोकणात या लाल विंचवाने माणसं पटापट जायची. उचलायची हौस नको.

पण मुळात दगड उलथून आणायचाच कशाला? तिच्याकडे घर होतं, अंधार होता, आपल्या पायांनी चालत येणारं जेवण होतं. तुमच्याकडे आहे टपरवेअर.

हे सगळं मित्राला फोनवर सुनावलं. तो म्हणाला, "बरं बाबा, शनिवारी सोडून येतो. पण तोच दगड आता कसा ओळखू?"

मी म्हटलं, निदान वाट तरी तीच घे. आणि दगड उलथलेलाच असेल अजून, बघ.