आमचे पूर्वज कप्तान नव्हते

अलीकडे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना वंशवृक्ष तयार करण्याची हौस लागली आहे. हौस चांगली आहे. तिला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो तिच्या पोटात दडलेल्या भ्रमाला. कोणी एक पूर्वज 'बोटीवर होता', एवढेच आजीच्या तोंडून ऐकलेले असते. तेवढ्या धाग्यावरून शोध सुरू होतो तो थेट लिस्बनला जाऊन पोहोचतो. तेथील आरमाराच्या यादीत एखादा डिसोजा कप्तान सापडला की शोध संपतो आणि त्याचे नाव वंशवृक्षाच्या शेंड्यावर चढते.

हा इतिहास नव्हे, ही हाव आहे. आपल्या भागात पोर्तुगीज आडनावे आली ती बाप्तिस्म्याच्या वेळी, बहुधा धर्मगुरूची किंवा धर्मपित्याची. रक्ताचे नाते नसलेली कितीतरी कुटुंबे अशा रीतीने डिसोजा झाली. आडनाव जुळले म्हणून वंश जुळत नाही. शिवाय साष्टीवरील पोर्तुगीज अंमल १७३९ साली संपला. ज्या आजोबा-पणजोबांची आठवण घरात अजून जिवंत आहे, ते त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर होते. आणि तेथे ते कप्तान नव्हते.

मुंबई बंदरातून सुटणाऱ्या त्या आगबोटींवर कामाची वाटणी ठरल्यासारखी असे. डेकवर बहुतांशी कोकण-काठियावाडचे मुसलमान खलाशी, भट्टीपुढे पंजाब व सरहद्दीकडचे आगवाले, आणि स्वयंपाकघरात व उतारूंच्या दिमतीला ख्रिस्ती माणसे, त्यांत गोवेकर सर्वाधिक. धोबी तलावाच्या कुडांमध्ये पुढच्या बोटीची वाट पाहत पडून राहणारी ती हीच माणसे. वेसावे, मढ, मनोरी, गोराईचे आमचे कोळी बांधव तर स्वतःच्याच होडीचे तांडेल होते. बटलर, आचारी, खलाशी, तांडेल: हा आमचा खरा वंशवृक्ष आहे. त्याची लाज वाटते म्हणूनच आम्ही कप्तान शोधतो, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आता कागदांविषयी. कोणी तटरक्षक दलाकडे पणजोबांची चौकशी करू पाहतात. आपले तटरक्षक दल १९७७ साली अंतरिम स्वरूपात उभे राहिले आणि १९७८ च्या कायद्याने कायम झाले. त्याच्या दप्तरात पणजोबा सापडायचे कसे? आरमाराचेही तेच. बॉम्बे मरीन १८३० साली इंडियन नेव्ही झाले, १८६३ साली ते मोडले, १८९२ साली रॉयल इंडियन मरीन हे नाव आले आणि १९३४ साली रॉयल इंडियन नेव्ही. वर्ष ठाऊक नसता अर्ज केला तर भलतेच कपाट उघडते. व्यापारी जहाजांच्या खलाशीपत्रकांची तर जगभर पांगापांग झाली आहे. ब्रिटिश जहाजांची १८६३ ते १९३८ या काळातील सुमारे सत्तर टक्के पत्रके कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत, पाचाने संपणाऱ्या वर्षांची बरीचशी ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि दहा टक्क्यांचा नमुना लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांपैकी १९१५ ची पत्रके इंटरनेटवर मोफत पाहता येतात. पण हिंदी खलाशी वेगळ्या करारावर, टोळीने भरती होत. त्यामुळे गोऱ्या खलाशाचा माग जितका सहज लागतो तितका आमच्या माणसाचा लागत नाही.

म्हणून घरची चिठ्ठी लंडनच्या दप्तराहून मोलाची ठरते. खलाशाच्या नोकरीचे दाखले ज्या पुस्तिकेत असत, तिला खलाशी 'नळी' म्हणत. त्या नळीत क्रमांक असे, जहाजांची नावे असत, चढल्या-उतरल्याच्या तारखा असत, वर्तणुकीचा शेरा असे. शोध तेथून सुरू व्हायला हवा. आणि त्या नळ्यांचे आम्ही काय केले? जुने घर पाडून इमारत उभी करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडूनही न पाहता भंगारवाल्याला दिली. परक्या दप्तरखान्यांनी आमची नावे नीट जपली नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण ती करण्याचा अधिकार आधी आपली पेटी जपणाऱ्यालाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी व्यापारी खलाशांची संख्या सुमारे सहा हजार आहे. त्यांची नावे एका ग्रंथात नोंदवलेली असून त्याची एक प्रत मुंबईत व एक चित्तगावात ठेवली आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज कबर लाभली नाही, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. आपल्यापैकी किती जण तेथे गेले? युद्धकबरी आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ साली कबूल केले की, आशिया-आफ्रिकेतील लक्षावधी मृतांची नावे नोंदलीच गेली नाहीत किंवा असमान रीतीने नोंदली गेली. साम्राज्याला एवढा कबुलीजबाब देता येतो, तर धर्मग्रामाला का नाही?

कारण चूक आमच्याही वह्यांत आहे. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने विवाहांची व धर्ममातापित्यांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. ती शिस्त आम्ही पाळली. पण दफनाच्या वहीत नोंद होते ती दफनाची. ज्याचा देह लाटांनी नेला, त्याला त्या वहीत ओळ नाही, दफनभूमीत क्रूस नाही. दोन नोव्हेंबरला आम्ही कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्याच्यासाठी मेणबत्ती कोठे लावायची?

आमची मागणी साधी आहे. समुद्रात हरवलेल्यांसाठी प्रत्येक धर्मग्रामाने स्वतंत्र वही उघडावी. कुटुंबांनी नाव, आईवडील, बाप्तिस्म्याची तारीख, नळीचा क्रमांक, जहाज आणि मृत्यूची तारीख, जेवढे ठाऊक असेल तेवढे लिहून द्यावे. जुन्या नोंदवह्यांची वाळवी लागण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. वह्यांत घराघरांच्या नाजूक गोष्टी असतात, म्हणून धर्मगुरू त्या दाखवण्यास कचरतात. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु छायाचित्र घेणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. आणि मृत भाविकांच्या दिनी ती नावे वेदीवरून वाचावीत.

'आमचे आजोबा साधे बटलर होते, त्यांचे नाव काय वाचायचे?' असे कोणी म्हणेल. त्याच बटलरच्या पगारातून घराची कौले आली, आपल्या वडिलांच्या शाळेची फी भरली गेली. मिस्सामध्ये मृतांसाठी प्रार्थना करताना हुद्दा विचारला जात नाही. फक्त नाव विचारले जाते, आणि ते आज सांगू शकणारी माणसे प्रत्येक घरात एक-दोनच उरली आहेत. त्यांच्याजवळ बसा. लिस्बनची यादी नंतर पाहू.