सगळा सल्ला आईच्याच पत्त्यावर का?



मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान झालं. विषय, सुखी कुटुंब आणि सुजाण पालकत्व. वार बुधवार, वेळ सकाळी अकरा. हिंजवडीत बुधवारी अकरा वाजता घरी कोण सापडतं हे तुम्हाला सांगायला नको. चाळीसेक बायका होत्या, त्यातल्या कितीतरी जणी एका कानात ऑफिसची मीटिंग घालून बसलेल्या. पुरुष तीन. त्यातले दोन आजोबा आणि तिसरा माइक जोडायला आलेला.

बाई चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू? मुलासाठी रोज वीस मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून बसा. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्या. नवऱ्याशी बिलं आणि शाळा सोडून रोज थोडं बोला. सासरच्यांशी मर्यादा आखून घ्या. मग एकीने विचारलं, माझा मुलगा नखं खातो, काय करू? उत्तर आलं, आधी स्वतःची चिंता तपासा, मूल आईचा आरसा असतं. ती तिथंच रडायला लागली. मुलाचे वडील किती वाजता घरी येतात, हे कुणीच विचारलं नाही.

माझं भांडण इथंच आहे. सल्ला बरा असेल, पण तो पोचतो एकाच पत्त्यावर, आणि ज्याच्या हातात काही नाही त्यालाच करायला सांगतो.

आमच्याच घरचं घ्या. सासूबाई जयसिंगपूरकडच्या, लग्न झाल्यापासून सूर्यास्तानंतर घास घेतलेला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस इथं सहाच्या आत सूर्य मावळतो. हे ऑफिसातून निघतात सातला, आणि फेज तीनपासून वाकडच्या पुलापर्यंत जे काही होतं ते तुम्ही रोज बघता. घरी यायला पावणेनऊ. आता एकत्र जेवायचं म्हणजे कुणी काय सोडायचं? सासूबाईंनी व्रत, की ह्यांनी नोकरी, की सात वर्षांच्या पोराने झोप? बाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला मार्ग काढता येईल, प्रायॉरिटी ठरवा. मार्ग काढायचा म्हणजे रस्त्याचाच ना? माण ते शिवाजीनगर मेट्रोचे खांब बघत आम्ही किती वर्षं काढली!

वेळ नाही ही अडचण, आणि औषध मात्र कौशल्य नसल्याचं. दहा तास ऑफिस आणि दोन-अडीच तास रस्ता धरला तर बापाकडे पोरासाठी उरतं काय? कायद्याचंही तेच. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चारदा बाळाला भेटायची मुभा मिळाली. उत्तम झालं. पण केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. म्हणजे मूल आईचं असं आधी कायद्यानेच लिहून ठेवलं, व्याख्यान तर नंतर आलं.

आपल्याकडे ह्याहून शहाणी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी मुलांत काम करताना त्यांना दिसलं की मुलं शाळेत येत नाहीत. त्यांनी आयांना जमवून शिक्षणाचं महत्त्व सांगत बसायचं का? त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली, जिथं गुरं चरतात तिथंच. घराची घडी जशी आहे तशी मान्य करून त्यांनी शाळेची घडी बदलली. आमच्या आयटी पार्कात मात्र कंपनीची घडी जराही हलत नाही, आणि घराला सांगतात, तू श्वास मोजून शांत हो.

आणि तज्ज्ञ म्हणतात म्हणून डोळे झाकून मान डोलवायची असेल तर थोडा इतिहास ऐका. १९२८ साली जॉन वॉटसन नावाच्या मोठ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून आयांना बजावलं की मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हात मिळवा. लाडाने मूल बिघडतं हे त्याला शास्त्र वाटत होतं. १९४६ मध्ये डॉक्टर स्पॉकचं पुस्तक आलं आणि वारं नेमकं उलटं फिरलं. दोन्ही वेळा धाकात राहिल्या त्या आयाच. त्यातल्या त्यात मला भावला इंग्लंडचा विनिकॉट, हाडाचा बालरोगतज्ज्ञ. त्याचं म्हणणं, मुलाला परिपूर्ण आई नकोच, पुरेशी बरी आई हवी, जी हळूहळू थोडी थोडी कमीही पडते. हे वाक्य क्लबहाऊसच्या भिंतीवर लावायला माझी हरकत नाही.

आता मर्यादांबद्दल. हे माझ्याच अंगाशी आलेलं आहे, म्हणून जपून लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी एका समुपदेशकाकडे चार वेळा गेले होते. सासूबाई मुलाच्या खाण्यात फार बोलतात, ही माझी तक्रार. त्यांना एकदाही बोलावलं गेलं नाही, ह्यांनाही नाही. माझ्या एकटीच्या सांगण्यावरून निदान झालं की सासू नियंत्रण ठेवणारी आहे, मी ठाम व्हावं. मी ठाम झाले. ठरवून दिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, “आई, त्याच्या जेवणाचं मी बघेन, तुम्ही त्यात बोलू नका.” त्यांनी फक्त “बरं” म्हटलं. त्यानंतर साडेतीन महिने त्या त्याच्या ताटाजवळ आल्या नाहीत. संध्याकाळी मांडीवर घेऊन भरवताना त्या ज्या गोष्टी सांगायच्या त्याही बंद झाल्या. पोरगं विचारायचं, आज्जी माझ्यावर रागावली का? क्षमावाणीच्या दिवशी मी उत्तम क्षमा म्हणत वाकले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं, तुला माझा हातच नको झालाय.” एकीचंच ऐकून निकाल देणं ह्याला आपल्याकडे एकांत म्हणतात, आणि तो मिथ्यात्वाचा प्रकार मानतात. पाठशाळेत अनेकांत घोकून मोठी झालेली मी, फी भरून एकांत घेऊन आले!

एक गोष्ट मात्र त्या व्याख्यानातली मी ठेवून घेतली. जॉन गॉटमन ह्या संशोधकाने संसार मोडणाऱ्या चार सवयी सांगितल्यात, माणसावर टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि अबोला. त्यात सर्वांत वाईट तुच्छता. आमच्या घरी त्या साडेतीन महिन्यांत चौथी सवय नांदत होती आणि आम्ही तिला शांतता समजत होतो.

हे वाचून काही काकू खूश होतील, तेव्हा त्यांनाही सांगते. “आमच्या वेळी कुठे होते हे डॉक्टर, रोज णमोकार म्हणा, सगळं ठीक होतं,” हे मला मुळीच मान्य नाही. माझ्या नणंदेला बाळंतपणानंतर तीन महिने झोप नव्हती, बाळाकडे बघवत नव्हतं. घरच्यांनी भक्तामर लावून दिलं, नजर काढली (आपल्यात नजर कुठून आली, देव जाणे). शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, औषधं सुरू झाली आणि ती सावरली. उशीर आम्ही केला, धर्माच्या नावाखाली. तिथं व्याख्यान नव्हे, वैद्य लागतो. तेव्हा आजार असेल तर जा, लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते, ती विचारा, त्यात उद्धटपणा नाही. समुपदेशक अशी नुसती पाटी बघून जाऊ नका. पैसे नसतील, रात्रीची वेळ असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक फुकट आहे.

सोसायटीने दुसरं सत्र ठरवलंय, पुन्हा बुधवारी, पुन्हा अकराला, माणशी तीनशे रुपये. मी समितीला पत्र लिहिलंय. सत्र रविवारी ठेवा, नवरा-बायको दोघं आले तरच प्रवेश द्या, आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवा, आणि जवळच्या कंपन्यांच्या एचआरवाल्यांनाही बोलवा, त्यांना विचारायचे प्रश्न आमच्याकडे तयार आहेत. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, त्यात पुरुषांच्या दोन. एक आमच्या ह्यांची, ती रात्री पावणेनऊला घेतलेली. आपल्या सोसायटीतल्या मैत्रिणींनी सहीसाठी घरी यायचं तर साडेपाचच्या आत या, नंतर आमची पानं वाढलेली असतात.